भित्तिपत्रकाची किल्ली

आमच्या महाविद्यालयात मराठी विभागासमोरच्या भिंतीवर काचेची एक पेटी होती. आत हिरवं कापड, कडेला लाकडी पट्टी, खाली छोटं पितळी कुलूप. दर दोन महिन्यांनी पोरं हातानं लिहून भित्तिपत्रक काढायची आणि ते त्या पेटीत लागायचं. प्राचार्य फीत कापायचे, फोटो निघायचा, मग आठ-दहा दिवस येता-जाता कोणी ना कोणी थांबून वाचत असायचं.

एका अंकाचा विषय दुष्काळ होता. दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीनं त्यात ऊसतोडीवर कविता दिली. तिचे आई-वडील दरवर्षी दिवाळी झाली की कोयते घेऊन कारखान्यावर जायचे आणि ही धाकट्या भावांना घेऊन आजीपाशी राहायची. कवितेत एका ओळीत मुकादमाची उचल होती, एका ओळीत चेअरमनची गाडी. नाव कोणाचंच नव्हतं. पण आमच्या संस्थेचे अध्यक्षही एका साखर कारखान्याचे चेअरमन होते आणि गाडीचा रंग नेमका जुळत होता.

दुसऱ्या दिवशी पेटीतलं तेवढं पान गायब. शिपाईमामांना विचारलं, तर म्हणाले, “सर, किल्ली हाफिसात असती. मला काय ठावं?” ऑफिसात विचारलं तर सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. शेवटी प्राचार्यांकडे गेलो. माणूस वाईट नव्हता, वाचणारा होता. ते म्हणाले, “मला कुणाचाही फोन आला नाही. पण येऊ तरी कशाला द्यायचा?”

हे वाक्य मी नंतर वीसेक वर्षं डोक्यात घेऊन हिंडलो. मराठवाड्यातल्या महाविद्यालयांमधल्या बोलण्याच्या स्वातंत्र्याबद्दल मला जे म्हणायचं आहे ते बहुतेक सगळं त्यातच आहे.

महाविद्यालयातलं अभिव्यक्तिस्वातंत्र्य म्हटलं की आपल्याला दिल्ली आठवते. जेएनयूतल्या घोषणा, टीव्हीवरची भांडणं, राजद्रोहाचे गुन्हे. त्यावर आपल्याकडे टपरीवर तावातावानं बोललं जातं. तोच बोलणारा गावातल्या कॉलेजच्या नळाला पाणी का नाही, हे सांगताना मात्र आधी मागे वळून बघतो. आपल्याकडे बंदीचा हुकूम निघत नाही. निघाला असता तर बरं झालं असतं, त्याच्याविरुद्ध कोर्टात तरी जाता आलं असतं.

पोराचं तोंड बंद करायला इथे पोलीस लागत नाहीत. अंतर्गत गुण असतात, प्रॅक्टिकल असतं, बोनाफाईड असतं, टीसी असते आणि टीसीवर वर्तणुकीचा रकाना असतो. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर भरलेला शिष्यवृत्तीचा अर्ज आधी संस्थेच्या लॉगिनला येतो, तिथे कोणीतरी मंजूर केल्यावरच पुढे सरकतो. तो मुद्दाम अडवतात असं मी म्हणत नाही. बहुतेक क्लार्क भले असतात आणि बहुतेक वेळा सर्व्हरच बंद असतो. पण ज्याचं खोलीभाडं त्या पैशांवर ठरलेलं आहे, त्याला बटण कोणाच्या हाताखाली आहे एवढं कळलं तरी पुरतं.

शिकवणाऱ्यांची गोष्ट याहून निराळी नाही. तासिका तत्त्वावरचा प्राध्यापक, ज्याला आम्ही सीएचबीवाला म्हणतो, त्याला दरवर्षी नव्यानं ऑर्डर घ्यावी लागते. सेट-नेट झालेला, पीएच.डी. झालेला, पस्तिशी ओलांडलेला माणूस फळ्यावर कलम 19 लिहितो, त्यातली पोटकलमं सोडवून सांगतो आणि तास संपला की स्टाफरूममध्ये कोपरा धरून बसतो. त्याला मी दोष कोणत्या तोंडानं देऊ? मी तर कायम होतो. माझा पगार दर महिन्याला खात्यात पडत होता. तरी त्या कवितेच्या वेळी मी काय केलं? केबिनमध्ये पाच मिनिटं बसलो, चहा घेतला आणि बाहेर आलो. ती मुलगी व्हरांड्यात उभी होती. तिला म्हणालो, “पुढच्या अंकाला दुसरी दे.” तिनं दिली नाही.

आणि महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती! काही वर्षांतून एकदाच असा दिवस येतो, की महाविद्यालय विद्यार्थ्यांना बोला म्हणतं. त्याची तालीम आठवडाभर आधी सुरू होते. कोणी बोलायचं ते ठरतं, ग्रंथालयाबद्दल काय सांगायचं ते ठरतं, ‘तक्रार निवारण समिती आहे का’ या प्रश्नाला उत्तर ठरतं. ती समिती असते, हे त्यातल्या काही सदस्यांनाही त्याच आठवड्यात कळतं. मीसुद्धा अशा तालमी घेतल्या आहेत. एकदा एका पोरानं मला विचारलं होतं, “सर, खरं विचारलं तर खरं सांगू का?” सगळे हसले. मीही हसलो.

हे सगळं चालतं त्या मराठवाड्याचा इतिहास कोणता, ते बघा. निजामाच्या राज्यात 1929 मध्ये गश्ती नंबर 53 नावाचं फर्मान निघालं, की सभा घ्यायची तर आधी परवानगी काढा. या राज्यात 1938 च्या नोव्हेंबरात औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजच्या आणि हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांतली मुलं प्रार्थनेत ‘वंदे मातरम्’ म्हणू लागली. मनाई झाली, मुलांनी ऐकलं नाही, संप झाला, शेकडो मुलांना काढून टाकलं. नागपूर विद्यापीठानं त्यांच्यासाठी दार उघडलं म्हणून त्यांचं शिक्षण वाचलं. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांच्यातलेच. दर 17 सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनाच्या भाषणात, ही गोष्ट येतेच.

वर्गात मी ही गोष्ट सांगायचो आणि लगेच दुसरी जोडायचो. केरळातल्या एका शाळेत यहोवाज विटनेस पंथाची तीन भावंडं होती. राष्ट्रगीताच्या वेळी ती सगळ्यांबरोबर अदबीनं उभी राहायची, पण धर्मश्रद्धेमुळे गायची नाहीत. त्यांना शाळेतून काढलं. 1986 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शाळेला त्यांना परत घ्यायला लावलं. म्हणजे एकीकडे गायली म्हणून काढलेली मुलं, दुसरीकडे गायली नाहीत म्हणून काढलेली. पहिल्या गोष्टीला टाळ्या पडायच्या. दुसरीला वर्ग गार. मग मागच्या बाकावरून कोणीतरी हमखास म्हणायचं, “पण सर, गायला काय झालतं त्यांना?” मी म्हणायचो, औरंगाबादच्या वॉर्डननंही हेच विचारलं असणार, फक्त उलटं: न गायला काय झालतं? काही पोरांना पटायचं. बरीच पोरं मला पाकिस्तानधार्जिणा ठरवून पुढच्या तासाला निघून जायची. पण दहा वर्षांपूर्वीपर्यंत ती माझ्या तोंडावर तसं म्हणायची आणि आम्ही भांडायचो. अलीकडे तोंडावर कोणी काही म्हणेना. मी सांगत असताना कोणाचा तरी मोबाईल उभा धरलेला दिसायचा. मग केरळची गोष्ट मी वर्षाआड सांगू लागलो. येऊ तरी कशाला द्यायचा फोन?

नामांतराबद्दल बोलल्याशिवाय मराठवाड्यातल्या कॅम्पसबद्दल बोलता येत नाही. 23 ऑगस्ट 1958 ला मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालं. त्याच्या आधी, 1950 मध्ये, बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं औरंगाबादेत जे महाविद्यालय सुरू केलं आणि जे पुढे मिलिंद म्हणून ओळखलं गेलं, त्याच्या नागसेनवन या आवारानं आमच्या भागात पहिल्यांदा अशी पिढी घडवली, जिच्या आजोबांना गावच्या चावडीत पायरीखाली उभं राहावं लागत होतं आणि जी स्वतः व्यासपीठावरून बोलू लागली. गंगाधर पानतावण्यांचं ‘अस्मितादर्श’ हे दलित साहित्याचं नियतकालिक त्याच मातीतलं. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्या, ही मागणी त्या बोलण्यातूनच आली. 27 जुलै 1978 ला विधिमंडळानं ठराव केला आणि त्यानंतर गावोगाव दलित वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यात पोचिराम कांबळे मारले गेले. नामविस्तार झाला तो 14 जानेवारी 1994 ला, साडेपंधरा वर्षांनी.

यातून संस्थाचालकांनी आणि सरकारनं धडा घेतला तो असा, की पोरांना बोलू दिलं की गावं जळतात. मला हा धडाच खोटा वाटतो. विद्यापीठाच्या नावाला विरोध करणं हे मत होतं. मला ते तेव्हाही चूक वाटलं, आजही वाटतं, पण ते मत होतं आणि ते वर्तमानपत्रातून, सभांतून, सहीनिशी मांडणारी माणसं होती. त्यांच्याशी वाद घालता येत होता, लोक घालत होते. रॉकेलचा डबा हे मत नव्हतं. आणि तो डबा जिथे उचलला गेला तिथे वाद झालाच नव्हता. दोन्हीकडची पोरं एका बाकावर बसून एकमेकांचं ऐकू शकतील अशी जागा अख्ख्या मराठवाड्यात एकच होती, महाविद्यालय. गावात तर पाणवठाही एक नव्हता.

ती जागा आपण बंद करत आणली. मी शिकत होतो तेव्हा सीआर म्हणजे वर्गप्रतिनिधी निवडून यायचे, सीआरांतून जीएस (सरचिटणीस) आणि यूआर (विद्यापीठ प्रतिनिधी). निवडणुका गोंडस होत्या असं अजिबात नाही. मतदार सीआरांना जीपमध्ये घालून वेरूळच्या पुढे कुठल्याशा शेतावर दोन दिवस कोंबड्या खाऊ घातलेल्या मी पाहिल्या आहेत. खाल्ल्याही आहेत. हाणामाऱ्या व्हायच्या, सायकलच्या चेन निघायच्या. 1989 मध्ये मुंबईत एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला, राज्यभर खळबळ उडाली आणि 1994 च्या विद्यापीठ कायद्यानं निवडणुकीऐवजी गुणवत्तेवर नेमणूक आणली. वर्गात पहिला येईल तो सीआर. पहिला येणारं पोर शक्यतो कोणाशी वाकडं घेत नाही, म्हणून तर ते पहिलं येतं. (पहिल्या आलेल्यांनी रागावू नये. मी कायम सहावा-सातवा असायचो.)

मग 2016 चा सार्वजनिक विद्यापीठ कायदा आला. त्यात थेट निवडणूक परत आली. अध्यक्ष, सचिव, एक महिला प्रतिनिधी आणि मागासवर्गीयांचा एक प्रतिनिधी मतदानानं निवडायचा अशी तरतूद झाली. 2019 मध्ये वेळापत्रकही निघालं. विधानसभेची निवडणूक आहे म्हणून ते पुढे ढकललं, तेवढ्यात कोरोना आला आणि विषय मागे पडला. त्याच काळात लोकसभा झाली, विधानसभा झाली, ग्रामपंचायती झाल्या. आपल्या कायद्याप्रमाणे एकविसाव्या वर्षी पोरगं गावचं सरपंच होऊ शकतं. अठराव्या वर्षी देशाचं सरकार निवडतं. फक्त कॉलेजच्या पाण्याच्या टाकीबद्दल बोलणारा माणूस निवडायची अक्कल त्याला नाही, असं आपण धरून चाललो आहोत.

बरं, निवडणूक गेली म्हणून राजकारण गेलं का? कोणत्याही कॉलेजच्या गेटवर उभं राहून बघा. भाऊंच्या वाढदिवसाचं बॅनर, दादांच्या निवडीचं बॅनर, अण्णांच्या आगमनाचं बॅनर आणि प्रत्येकावर खाली पोरांच्या फोटोंची दोन ओळींची पट्टी. ‘शुभेच्छुक’ म्हणून फोटो छापून घेणं हा आज मराठवाड्यातल्या विद्यार्थ्याला उपलब्ध असलेला सगळ्यात मोठा राजकीय सहभाग आहे. पक्ष आत आहेत, जात आत आहे, पैसा आत आहे. ज्या संस्थेचा अध्यक्षच आमदार किंवा माजी आमदार असतो, तिथे राजकारणाला गेटवर कोण अडवणार? बाहेर राहिला तो फक्त वाद. मिरवणुकीत डीजेपुढे नाचायला चार हजार पोरं येतात. त्याच महापुरुषाच्या एखाद्या पुस्तकावर चर्चा ठेवली तर सतरंजी मोकळी राहते. आणि चर्चेत कोणी एखादा प्रश्न विचारलाच, तर सतरंजी गुंडाळून ठेवावी लागते.

लातूर पॅटर्नचा भागही यात आहे, त्यावर कधीतरी वेगळं लिहावं लागेल. नाव एका कॉलेजात, दिवस क्लासमध्ये आणि प्रवेश परीक्षा हेच आयुष्य. ज्याला कॉलेजात यायचंच नाही, त्याला तिथे बोलायला मिळतं की नाही याचं काय सोयरसुतक?

पण आता सगळा दोष संस्थाचालकांच्या माथी मारून मोकळं होता येत नाही, कारण गेल्या काही वर्षांत पोरंच पोरांचे वॉर्डन झाले आहेत. 2023 च्या ऑगस्टअखेरीस जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणासाठी उपोषण सुरू झालं. त्यानंतर आरक्षणावरून जे वातावरण तापलं त्यात माझ्या ओळखीतल्या कित्येक वर्गांचे व्हॉट्सअॅप ग्रुप फुटले. एकाचे दोन झाले आणि कोण कोणत्या ग्रुपमध्ये गेला हे आडनावावरून आधीच सांगता येत होतं. त्याच काळात माफीच्या व्हिडिओची पद्धत रुजली. पोरगं रात्री कुठलंतरी स्टेटस ठेवतं, सकाळी त्याला चौकात बोलावतात, दहा-बारा जण भोवती उभे असतात. ते हात जोडून, मान खाली घालून म्हणतं, “माझ्याकडून चूक झाली, समाजाच्या भावना दुखावल्या.” हे चित्रित होतं, पाठवलं जातं, जिल्हाभर फिरतं. कधी स्टेटस खरंच घाणेरडं असतं, कधी नुसता एक प्रश्न असतो. व्हिडिओत फरक दिसत नाही. त्या दहा-बारा जणांतले निम्मे त्याच्याच वर्गातले असतात. ह्या जातीचे-त्या जातीचे असा भेद इथे नाही, ज्याचा चौक त्याची माफी.

आणि सरकार? ते संधी मिळाली की येतंच. मे 2025 मध्ये पुण्यात इंजिनिअरिंगच्या एका एकोणीस वर्षांच्या विद्यार्थिनीला समाजमाध्यमावरच्या पोस्टसाठी अटक झाली. तिनं ती पोस्ट थोड्याच वेळात काढून टाकली होती, माफीही मागितली होती. कॉलेजनं तिचं म्हणणं न ऐकताच तिला काढून टाकलं. उच्च न्यायालयानं कॉलेजचा आदेश स्थगित केला, तिची सुटका करायला लावली, परीक्षेला बसू दिलं. मला त्यातली पोलिसांपेक्षा कॉलेजची घाई जास्त ओळखीची वाटली. ती आमच्याच प्राचार्यांची घाई होती. परभणीत डिसेंबर 2024 मध्ये संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, त्यानंतरच्या धरपकडीत सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी पकडला गेला आणि न्यायालयीन कोठडीत असताना त्याचा मृत्यू झाला. त्या आठवड्यात मराठवाड्यातल्या किती विधी महाविद्यालयांनी आपल्या विद्यार्थ्यांना एकत्र बसवून अटक म्हणजे काय, कोठडी म्हणजे काय, पकडलेल्याचे हक्क कोणते, एवढं तरी बोलू दिलं असेल? मी तीन ठिकाणी विचारलं. तिन्ही ठिकाणी “वातावरण बरं नाही” हे उत्तर मिळालं.

माझं म्हणणं सरळ आहे. कायद्यात लिहिलेल्या निवडणुका घ्या. पक्षाचं चिन्ह नको म्हणता, नको. विद्यार्थी निवडणुकांसाठी नेमलेल्या लिंगडोह समितीनं 2006 मध्ये उमेदवाराच्या खर्चाला पाच हजारांची मर्यादा सुचवली, ती ठेवा, आज त्यात बॅनरचे चार फ्लेक्स येत नाहीत, तेही बरंच. पण उमेदवाराला सगळ्या वर्गांसमोर उभं राहून अर्धा तास प्रश्नांना तोंड द्यायला लावा, विरोधातल्या प्रश्नांनाही. शिष्यवृत्ती, अंतर्गत गुण आणि टीसी यांच्याबद्दलची तक्रार महाविद्यालयाबाहेरच्या कोणाकडे तरी जाऊ द्या. भित्तिपत्रकाची किल्ली विद्यार्थी संपादकाकडे ठेवा, आणि एखाद्यानं दुसऱ्याच्या जातीवर शिवी लिहिली तर त्याच्यासाठी अॅट्रॉसिटीचा कायदा आहे, फौजदारी कायदा आहे. प्राचार्यांनी रात्री पान काढण्याची गरज नाही.

यावर माझे जुने सहकारी म्हणतात, “सर, तुम्ही निवृत्त झालात, तुमचं काय जातं? या वातावरणात निवडणूक लावली तर पहिल्या दिवशी पोरं जातीवर मतं टाकतील.”

टाकतील. मला त्याबद्दल शंका नाही. पण मी काही वर्षं वसतिगृहाचा रेक्टर होतो. तिथली मेस पोरंच चालवायची. किराणा आणायचा, आचाऱ्याचा पगार द्यायचा, महिन्याच्या शेवटी प्रत्येकाचं बिल काढायचं. त्यासाठी दर महिन्याला हात वर करून एक मेस सेक्रेटरी निवडायचे. कॉलेजातली ती एकच निवडणूक उरली होती, कारण ती निवडणूक आहे हे कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. एका महिन्यात आवारात बाहेरून कसलीशी ठिणगी पडली आणि पोरांनी सरळ जात बघून हात वर केले. ज्यांची संख्या जास्त, त्यांचा सेक्रेटरी झाला. पोरगा हुशार नव्हता, वर चुलत्याच्या दुकानातून किराणा आणू लागला. दुसऱ्या आठवड्यात वरणात डाळ शोधावी लागायला लागली. महिनाअखेर बिल वाढून आलं. हिशोबाच्या बैठकीला मी मागे खुर्ची टाकून बसलो होतो. पहिला प्रश्न विचारला तो त्याच्याच जातीच्या पोरानं, “तुरीची पावती दाखव की बे.” पावती नव्हती. दीड तास भांडण झालं, आवाज खालच्या रस्त्यापर्यंत जात होता, पण ताट कोणी फेकलं नाही. पुढच्या महिन्यात हात वर झाले ते एका पारधी पोरासाठी. त्याची वही स्वच्छ असायची.